लोखंडात ओतलेलं गाव

माझं गाव इचलकरंजी. त्याला लोक हौसेनं 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत हे वाक्य आम्ही छाती फुगवून म्हणायचो. मँचेस्टर कुठं आहे, तिथली माणसं कशी राहतात, याची चौकशी कुणी केली नव्हती. पण मँचेस्टरच्या आधी त्याच मुलखातलं दुसरं एक गाव माझ्या ओळखीचं झालं होतं. आणि तेही पुस्तकातून नव्हे, लोखंडातून.

माझे अब्बा यंत्रमागावर कामाला होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी कारखान्यात जायचो. पाचवीत इंग्रजी अक्षरं नुकतीच शिकलो होतो. दिसेल ते वाचायची खोड होती. अब्बांच्या चार मागांपैकी एक फार जुना होता, मुंबईच्या कुठल्याशा गिरणीनं मोडीत काढलेला. त्याच्या बाजूच्या चौकटीवर ओतीव अक्षरं होती, तेलानं आणि कापसाच्या तुसानं बुजलेली. मी बोटानं पुसून एकेक अक्षर लावलं. ब्लॅकबर्न. अब्बांना विचारलं, हे काय? ओरडून विचारण्यात अर्थ नव्हता. एक तर शेडमधल्या शेकडो धोट्यांचा खडखडाट, आणि दुसरं म्हणजे अब्बांना तोवर ऐकू येईनासं झालं होतं. मी ओठ सावकाश हलवले. ते हसले आणि आमच्या दखनीत म्हणाले, "गाँव होंगा. इसका मैका."

मागाचं माहेर! पुढं बी. ए.ला असताना कॉलेजच्या वाचनालयात नकाशा उघडून मी ते माहेर शोधलं. इंग्लंडच्या वायव्येला, आयरिश समुद्राच्या काठाला लँकेशायर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. त्यात ब्लॅकबर्न सापडलं आणि शेजारी आणखी एक ओळखीचं नाव दिसलं, लेलँड. लेलँड हे मी मालट्रकच्या आणि एस. टी. गाड्यांच्या तोंडावर वाचलेलं नाव. ते कुणा माणसाचं असेल असं वाटायचं. ते निघालं गाव. १८९६ साली तिथं वाफेवर चालणाऱ्या गाड्यांचा कारखाना निघाला, पुढं त्यानं गावाचंच नाव घेतलं, आणि १९५५ साली ते नाव आपल्याकडच्या 'अशोक'ला जोडलं गेलं. म्हणजे आपण रोज ज्या नावाच्या गाडीत बसत होतो, तेही त्याच मुलखातलं एक गाव होतं.

आता नकाशावरचं लँकेशायर थोडं आकसलं आहे. १९७४ साली नव्या विभागणीत मँचेस्टर, बोल्टन, रॉचडेल, ओल्डहॅम आणि तिकडे लिव्हरपूल ही गावं त्यातून वेगळी काढली. पण तिथला जुना माणूस आजही त्यांना लँकेशायरच समजतो. इतिहास सांगताना आपणही तसंच समजू.

कापसाचं एक बोंडही जिथं पिकत नाही, तिथं जगातला सगळ्यात मोठा कापडधंदा कसा उभा राहिला? उत्तर कोकणच्या माणसाला लगेच कळेल. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगररांग. आपला सह्याद्री तसे तिथले पेनाइन डोंगर. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडतात आणि खालच्या पट्ट्यात पाऊस पडतो. आपल्यासारखा चार महिने धो धो नव्हे, तर वर्षभर रिमझिम. हवेत कायम ओल. आणि सुताला ओल लागते. कोरड्या हवेत धागा तटातट तुटतो. आमच्याकडे चैत्र-वैशाखात मागाखालच्या जमिनीवर पाणी शिंपडतात ते उगाच नाही. जोडीला डोंगरातलं मऊ पाणी, पोटातला कोळसा आणि माल उतरवायला लिव्हरपूलचं बंदर. १८१६ साली लिव्हरपूल ते लीड्स हा कालवा पुरा झाला. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी धावली.

यंत्रं तर जणू गावागावांनी वाटून घेऊन काढली. बरी गावच्या जॉन के यानं १७३३ साली दोरीच्या हिसक्यानं पळणारा धोटा केला. ब्लॅकबर्नजवळच्या जेम्स हारग्रीव्ह्जनं १७६४च्या सुमारास एका चाकावर अनेक चात्या फिरवणारी 'जेनी' केली. प्रेस्टनमध्ये जन्मलेल्या रिचर्ड आर्कराइटनं १७६९ साली पाण्यावर चालणाऱ्या सूतयंत्राचं पेटंट घेतलं. बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टननं १७७९ साली या दोन्ही यंत्रांचे गुण एकत्र आणणारं 'म्यूल' बनवलं. शेवटी १८४२च्या सुमारास ब्लॅकबर्नमध्येच केनवर्दी आणि बुलो या दोघांनी मागात अशा सुधारणा केल्या, की धागा तुटला की माग आपोआप थांबू लागला. एकाच माणसाला अनेक माग सांभाळणं जमू लागलं. त्याला जगानं नाव दिलं 'लँकेशायर माग'. अब्बा आयुष्यभर चालवत होते तो माग याच घराण्यातला.

पाठ्यपुस्तकातला इतिहास बहुधा इथं थांबतो. पण या नावांच्या मागं दुसरी माणसं उभी आहेत. हारग्रीव्ह्जची यंत्रं १७६८ साली जमावानं फोडली आणि त्याला गाव सोडावं लागलं. १८२६च्या एप्रिलात तर पूर्व लँकेशायरचे हातमागवाले उपासमारीनं पेटून उठले. गावोगाव फिरत तीन दिवसांत त्यांनी हजाराहून जास्त यंत्रमाग फोडले. चॅटर्टन या खेड्यात सैनिकांनी गोळ्या चालवल्या, सहा माणसं मेली.

आपल्याला एक शिकवण पक्की आहे: लँकेशायरच्या गिरण्यांनी आपला विणकर मारला. ती खोटी नाही. इंग्रजांनी इथल्या बाजाराची दारं त्यांच्या कापडाला सताड उघडी ठेवली आणि आपले लाखो माग बसले. मीही विणकरांच्या वस्तीत वाढलो, ते दुःख मला परकं नाही. पण त्या यंत्रानं पहिला विणकर मारला तो त्यांच्याच गल्लीतला, हे मला फार उशिरा कळलं.

गिरण्यांनी गावं वाढवली आणि प्रत्येक गावाला वेगळं काम दिलं. साधारणपणे दक्षिणेकडची गावं सूत कातणारी, ओल्डहॅम, बोल्टन. उत्तरेकडची विणणारी, ब्लॅकबर्न, बर्नली, नेल्सन, प्रेस्टन. नेल्सन हे गाव तर नेल्सन सेनापतीच्या नावाच्या एका खाणावळीभोवती वाढलं. लँकेस्टर हे जुनं बंदर. अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात इंग्लंडातल्या पहिल्या चार बंदरांत त्याची गणती होती. पुढं ते लिनोलियमसाठी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या मेणकापडासाठी गाजलं. फ्लीटवूड १८३०च्या दशकात एका जमीनदारानं आखून वसवलेलं बंदर. दूरच्या समुद्रातल्या मासेमारीवर ते शंभर वर्षं जगलं आणि आइसलंडच्या पाण्यातली मासेमारी १९७६ साली बंद पडल्यावर खचलं.

आणि ब्लॅकपूल? ते गिरणीकामगारांच्या सुटीवर उभं राहिलेलं गाव. वर्षातून एक आठवडा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या. आज या गावाचा आठवडा, पुढच्या वेळी त्या गावाचा. अख्खं गाव, शेजारीपाजारी, मुलंबाळं आगगाडीत बसून समुद्रावर जायचं. १८९४ साली तिथं आयफेल टॉवरच्या धर्तीवर मनोरा उभारला, तो या कामगारांच्या पैशावर. आमच्याकडे उरुसाला आणि जत्रेला माग बंद राहायचे, त्याची मला आठवण येते. वर्षभर आवाजात राहिलेल्या माणसाला लाटांचा आवाज कसा लागत असेल?

कामगारांनी आणखी दोन गोष्टी जगाला दिल्या. १८४४च्या डिसेंबरात रॉचडेलमध्ये मोजक्या कामगारांनी पै-पैसा जमवून दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर, भेसळ नाही, वजनात मारणं नाही, नफा सभासदांत वाटायचा. जगभरची सहकारी चळवळ या दुकानाला आपली गंगोत्री मानते. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांचं, सूतगिरण्यांचं नातं तिथवर पोचतं. दुसरी गोष्ट फुटबॉल. १८५०च्या कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला गिरणी सुटू लागली आणि रिकाम्या दुपारी खेळ आला. १८८८ साली इंग्लंडात फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या पहिल्या बारा संघांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे होते.

या सुताचं एक टोक समुद्रापार गुलामांच्या हातात होतं. लँकेशायरचा बहुतेक कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. १८६१ ते १८६५ या काळात तिथं यादवी युद्ध झालं, बंदरं अडवली गेली आणि कापूस येईना. गिरण्यांची धुराडी थंड पडली, लाखो माणसं धर्मादाय भाकरीवर आली. सगळ्यांचं मत एक नव्हतं. पण १८६२च्या वर्षअखेरीला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन अमेरिकेच्या अध्यक्षांना, लिंकनना, पत्र धाडलं आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. स्वतःच्या चुलीत विस्तव नसताना. पुढच्याच महिन्यात लिंकननी त्यांना उत्तर लिहिलं.

त्याच चार वर्षांत मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला. अमेरिकेचा कापूस नाही म्हणून आपला कापूस जहाजं भरभरून गेला. तिथं त्याला सरसकट 'सुरत' म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा फार, सारखा तुटणारा. लँकेशायरचे विणकर त्याच्या नावानं बोटं मोडत. इथं शेअरबाजार फुगला आणि १८६५ साली फुटला. पण मुंबईत पैसा आणि अनुभव राहिला. पहिली गिरणी १८५६ साली सुरू झालीच होती, पुढं रांगच लागली. त्या गिरण्यांची यंत्रं आली ती लँकेशायरमधून! स्वतःचा प्रतिस्पर्धी त्यांनी स्वतःच ओतून, रंगवून, गावाचं नाव घालून पाठवला. आमच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा त्यांना आधार होता. तिथून आमची कहाणी सुरू होते.

१९१३च्या सुमारास लँकेशायर कळसाला होतं. वर्षाला जवळजवळ ७ अब्ज यार्ड कापड बाहेर जात होतं आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपण होतो. मग महायुद्ध, जपानची स्पर्धा, आपल्या गिरण्या, आणि स्वदेशी. १९३१च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले, ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेन भागात राहिले. ज्यांच्या बहिष्कारामुळं आपलं काम गेलं असं ते लोक ऐकत आले होते, तो माणूस त्यांच्या दारात पंचा नेसून उभा राहिला. त्यांनी बेकारांचं ऐकून घेतलं आणि हिंदुस्थानातल्या खेड्यांचं दारिद्र्य त्यांना सांगितलं. गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती जमून हसत, हात उंचावून जयजयकार करताहेत, असा एक फोटो आहे. तो मी किती वेळा पाहिला असेल! दोन्हीकडच्या उपाशी माणसांची अशी समोरासमोर भेट इतिहासात फार थोड्या वेळा होते.

नंतरची उतरण लांबलचक आहे. १९५९ साली सरकारनं कायदा करून जुने माग मोडायला मालकांना पैसे दिले. उरलेल्या गिरण्यांत नवी महाग यंत्रं आली. ती रात्रंदिवस चालवली तरच परवडणार, आणि रात्रपाळीला गोरे कामगार मिळेनात. ती रात्र भरून काढली आपल्या उपखंडातल्या माणसांनी. पाकिस्तानातून, भरूच-सुरतेकडून तरुण गेले. ज्या सुरतेच्या नावानं तिथले विणकर बोटं मोडायचे, त्याच मुलखाची पोरं ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टनच्या सुतावर उभी राहिली. पण साठ-सत्तरच्या दशकांत गिरण्या पटापट बंद पडल्या आणि नव्यानं गेलेली माणसंही जुन्यांबरोबर बेकार झाली.

बर्नलीजवळ हार्ल साइक गावात गावकऱ्यांनीच भाग घेऊन १८९४-९५ साली उभारलेली 'क्वीन स्ट्रीट मिल' वाफेवर चालत सगळ्यात शेवटपर्यंत टिकली. तिचं वाफेचं इंजिन 'पीस', म्हणजे शांती, या नावाचं. ही गिरणी थांबली १९८२ साली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे संपात बंद झाले. एकाच धाग्याची दोन टोकं एकाच वर्षी तुटली.

पण पुढं फरक पडला. मुंबईत गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. हार्ल साइकची गिरणी इंजिनासह, तीनशेच्या आसपास मागांसह संग्रहालय झाली. २०१६ साली काउंटीनं खर्चकपातीत ती बंद केली. पुढं वर्षातल्या काही दिवसांपुरती का होईना, ती पुन्हा उघडली. तिथं माग चालवून दाखवतात. लेलँडमध्येही जुन्या मोटारगाड्यांचं संग्रहालय आहे. लोक याला औद्योगिक वारसा म्हणतात.

मला त्या वारशात एक गोष्ट फार जवळची वाटते, आणि ती लोखंडाची नाही. लँकेशायरच्या विणकामात बायका मोठ्या संख्येनं होत्या. मागांच्या गोंगाटात बोलणं अशक्य, म्हणून त्या ओठांनी बोलायच्या. प्रत्येक शब्द तोंड भरून, चेहऱ्यानं, हातवाऱ्यांनी. चार माग पलीकडच्या बाईला सुखदुःख सांगायच्या. या बोलीला त्या 'मी-मॉ' म्हणत. घरी आल्या तरी तशाच बोलायच्या. म्हातारपणी ऐकू येईनासं झालं तरी गप्पा अडत नव्हत्या.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरात हीच भाषा होती! तिला नाव असतं, हे मला ठाऊक नव्हतं. अम्मी अब्बांशी ओठांनी बोलायची. रमजानमध्ये अजान झाली हे अब्बा आमच्या ओठांवरून ओळखायचे आणि मगच खजूर तोंडात टाकायचे. कारखान्यातले मराठा, लिंगायत, कोष्टी, मोमीन सगळे कामगार हीच बोली बोलायचे. तिला ना जात होती ना लिपी. कविता लिहायला लागल्यावर लोक विचारायचे, घरी दखनी, मग मराठीत कसे लिहिता? मी म्हणायचो, माझी पहिली भाषा ओठांची.

लोखंड जपता येतं. ही भाषा कशी जपायची? लँकेशायरनं त्याचाही थोडा प्रयत्न केला. लँकेस्टर, प्रेस्टन, बॅरो या गावांतल्या म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती १९७०च्या दशकापासून ध्वनिमुद्रित झाल्या. बारा वर्षांची असताना अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पिढीचा आवाज त्यामुळं राहिला. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या शंभर माणसांचे बोल जमवून २००४ साली पुस्तक केलं. ते मोठं काम आहे. पण इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर इथल्या कांडीवाल्या, वहिफणीवाले, जॉबर यांचं काय?

आमच्याकडे आता धोट्याशिवाय चालणारे माग आले आहेत. साधे माग वजनावर भंगारात जातात. अब्बांचा कारखानाही असाच रिकामा झाला. मला कळलं तेव्हा मी धावत गेलो. ब्लॅकबर्न लिहिलेली ती चौकट भंगारवाल्याच्या टेम्पोत कधीच चढली होती. हळहळ वाटली. पण खरं सांगू? ती गेली त्याचं दुःख मी पचवलं आहे. एक दुःख पचत नाही.

आकाशवाणीवर मी कितीतरी वर्षं बोलतो आहे. अब्बा होते तेव्हा माझं भाषण लागलं की रेडिओसमोर येऊन बसायचे. ऐकू तर येत नव्हतं. अम्मी रेडिओला कान लावून माझा शब्द न् शब्द ओठांनी त्यांना सांगायची आणि ते तिच्या तोंडाकडे बघत मान डोलवायचे. इतक्या वेळा मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलो, इतक्या मोठ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, पण अब्बांना एकदाही यंत्रासमोर बसवलं नाही. घरातल्या माणसाचं काय मुद्रित करायचं, असं वाटत राहिलं. त्यांचा आवाज आज कुठंच नाही.

आपल्या घरात, गल्लीत असं कुणी असेल. मागावर, गिरणीत, भट्टीवर, बोटीवर उमेद घालवलेलं. आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आवाज साठवायची सोय आहे. या रविवारी त्यांच्यासमोर जाऊन बसा. ऐकू कमी येत असेल, तर ओठ सावकाश हलवा. त्यांना ही भाषा येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)